मोहराच्या दिवसांतली मरगळ

माघ सरत आला की आमच्या वसईच्या पट्ट्यात निसर्गाची लगबग सुरू होते. आंब्यांना मोहर येतो, शेवगा पांढऱ्या फुलांनी लगडतो, चर्चच्या आवारातला देशी बदाम आपली लालभडक पाने एकेक करून खाली टाकतो आणि थोड्याच दिवसांत कोवळ्या हिरव्या पालवीने पुन्हा भरून जातो. पूर्वेला डोंगराच्या बाजूस काटेसावर आणि पळस फुललेले असतात. भल्या पहाटे, पहिल्या मिस्सेची घंटा होण्यापूर्वीच, कोकिळ गळा साफ करू लागतो. कविमंडळी या ऋतूला ऋतुराज म्हणत आली आहेत आणि त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचे मला काही कारण नाही.

परंतु धर्मगुरू म्हणून इतकी वर्षे घालवल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. याच दिवसांत धर्मगुरुनिवासाच्या पायऱ्या चढून काही माणसे येतात आणि त्यांची तक्रार नेहमीच्या तक्रारींत बसत नाही. घरात भांडण झालेले नसते. पैशाची नड नसते. जमिनीचा वाद नसतो. (वसईत जमिनीचा वाद नसणे ही तशी दुर्मीळच गोष्ट.) "फादर, काही करावेसेच वाटत नाही," एवढेच ती सांगतात आणि गप्प बसतात. खोदून विचारले तर कळते की पहाटे तीनलाच जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही. ताटावर बसले तरी घास उतरत नाही. मन एकाच वेळी जड आणि अस्वस्थ असते. आषाढातल्या काळोख्या दिवसांत मात्र हीच माणसे ठणठणीत असतात. त्यामुळे त्यांना आणखी एक प्रश्न छळतो. पावसाळ्यात मन उदास झाले तर निदान आभाळाकडे बोट दाखवता येते. बाहेर सारे फुललेले असताना आपणच का कोमेजलो, याचे उत्तर कोणाला द्यायचे?

मी त्यांच्यातलाच एक आहे. हे छापील अक्षरांत लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण धर्मगुरूने सदा प्रसन्न असावे अशी आपल्या लोकांची अपेक्षा असते आणि ती काही अवाजवी नाही. पण सत्य ते सत्य. गोरेगावच्या सेमिनरीत तिसऱ्या वर्षाला असताना मला ही मरगळ पहिल्यांदा नीट जाणवली. फेब्रुवारीचा शेवट होता. परीक्षा दूर होत्या, फुटबॉलचे सामने रंगले होते, आरे कॉलनीच्या बाजूने येणारा वारा सुखद होता, आणि मी मात्र प्रार्थनामंदिरात बसलो की माझ्या आत कोणी नाहीच असे मला वाटे. स्तोत्रे ओठांवर येत आणि तिथेच विरत. मला शंका आली की आपले पाचारणच खोटे असावे. मी आमच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांकडे गेलो. ते वृद्ध, मितभाषी गृहस्थ होते. माझे सारे ऐकून घेतल्यावर ते देवाविषयी काहीतरी बोलतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी विचारले, "रात्री किती वाजता झोपतोस?" मग म्हणाले, "पंधरा दिवस रोज नऊला अंथरुणावर जा. रेक्टरांना मी सांगतो. पाचारणाचे आपण ईस्टरनंतर पाहू." ईस्टर आला, गेला, आणि पाचारणाविषयी बोलण्याची गरज उरली नाही. पुढच्या वर्षी त्याच सुमारास ती मरगळ पुन्हा आली, तेव्हा मी तिला निदान ओळखले.

पुढे कधीतरी लक्षात आले की ही ओळख मला घरातूनच होती. माझी आई शिमग्याच्या सुमारास अबोल होत असे. आम्ही मुले म्हणायचो, आईला ऊन बाधले. आजीला बहुधा अधिक कळत असावे. ती आईला काही विचारत नसे. शेजारच्या दोघी-तिघींना हाक मारून ती ओट्यावर चिंचेची रास ओतायची आणि आईला त्यात बसवायची. चिंच फोडायची, चिंचोके काढायचे, मीठ लावून गोळे करायचे आणि बरणीत भरायचे. त्या कामाला बोलावे लागत नाही, पण बोलावेसे वाटले तर माणूस शेजारी असते. आठ-दहा दुपारी अशा जात. आईचा आवाज हळूहळू परत येई.

आता एका शब्दाविषयी बोलले पाहिजे, कारण त्या शब्दाने आपल्या कितीतरी भाविकांना विनाकारण दुखावले आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनी सात प्रमुख पापे पाठ केली आहेत. त्यांतले शेवटचे 'आळस'. एक वयस्क बाई, आयुष्यभर वाडीत राबलेल्या, एकदा भाजीची पाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "फादर, म्हातारपणी मला आळसाचे पाप जडले." (हे दाराशी झालेले बोलणे आहे. पापनिवेदनातले काही मी कधीच लिहिणार नाही, हे वाचकांना सांगण्याची गरज नसावी.) पहाटे उठून केळीला पाणी सोडणारी ही बाई आणि आळस? त्यांना जे झाले होते त्याला आळस म्हणणे म्हणजे तापाला उनाडपणा म्हणण्यासारखे होते.

या शब्दाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतवासी साधूंची वस्ती होती. त्यांच्यातला एव्हाग्रिअस हा मनाचा मोठा जाणकार. तो ३९९ साली वारला. साधकाला छळणाऱ्या आठ विचारांची त्याने नोंद केली. त्यांत दुःख वेगळे सांगितले आणि 'अकेदिया' नावाची अवस्था वेगळी सांगितली. भर दुपारी ती येते. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते. साधू सारखा खिडकीशी जातो, जेवणाची वेळ झाली का ते पाहतो, कोणी भेटायला येते का ते पाहतो, आपली खोली आणि आपले व्रत त्याला नकोसे होते. एक्क्याण्णवाव्या स्तोत्रात भर दुपारी नाश करणाऱ्या संकटाचा उल्लेख आहे, त्यावरून या साधूंनी तिला दुपारचा सैतान म्हटले. कॅसियनने पाचव्या शतकाच्या आरंभी ही शिकवण पश्चिमेकडे मार्सेयला नेली. सहाव्या शतकाच्या अखेरीस महान संत ग्रेगरी यांनी आठांची सात केली, तेव्हा ही अवस्था दुःखातच मिसळून गेली. पुढच्या शतकांत दुःखाचे नाव मागे पडले आणि यादीत आळस उरला. म्हणजे वाळवंटातल्या त्या अनुभवी वैद्यांनी ज्याचे बारकाईने वर्णन केले, ते आपल्यापर्यंत येता येता एका शब्दात आक्रसले आणि तो शब्द कष्टाळू माणसांच्या माथी मारला गेला. त्या बाईंना मी हे सारे पुराण सांगितले नाही. एवढेच म्हटले की हे पाप नव्हे, आणि सुनेबरोबर दवाखान्यात जाऊन या. तपासणीत त्यांचे रक्त फारच कमी निघाले. सर्वच उदासी मनातून येत नाही, म्हणून आधी शरीर तपासून घेणे बरे.

अलीकडच्या वैद्यकाने ऋतू आणि मन यांचा संबंध मान्य केला आहे. नॉर्मन रोझेन्थाल हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर अमेरिकेत गेले आणि तिथल्या लांबलचक हिवाळ्यात आपले मन दरवर्षी खाली जाते असे त्यांना दिसले. १९८४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतुमानाबरोबर येणाऱ्या नैराश्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्यात माणूस फार झोपतो, फार खातो. आपली जी मुले कॅनडात स्थायिक झाली आहेत त्यांनी ते अनुभवले असेल. पण याचा एक दुसरा, कमी आढळणारा प्रकार आहे. तो वसंतात किंवा उन्हाळ्यात सुरू होतो. त्यात झोप उडते, भूक मरते आणि अस्वस्थता वाढते. माझ्या पायऱ्यांवर येणारी माणसे नेमके हेच सांगतात. अर्थात प्रत्येकाला हाच आजार आहे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचे.

युरोपातल्या वसंताचे गणित आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाही, हेही ध्यानात घ्यावे. इंग्रजीत उपवासकाळाला 'लेंट' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थच वसंत, दिवस लांबण्याचा काळ, असा आहे. रोममध्ये वर्षातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा दिवस यांत सुमारे सहा तासांचा फरक असतो. आपल्याकडे तो सव्वादोन तासांच्या आसपास. तिथे बर्फ वितळते, नद्या वाहू लागतात आणि २१ मार्चच्या पौर्णिमेनंतर, म्हणजे त्या दिवशी किंवा त्यापुढे येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी पुनरुत्थानाचा सण येतो. सृष्टी आणि उपासना यांचा सूर तिथे जुळतो. आपल्याकडे तोवर मोहर गळून कैऱ्या धरलेल्या असतात, विहिरीचे पाणी तळाला जाते, काही ठिकाणी ते मचूळ होते, आणि ईस्टरच्या रविवारी दुपारी चर्चच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. आपला वसंत असा घाईचा. तो येतो न येतो तोच उन्हाळा त्याच्या मानगुटीवर बसतो. आपल्या वैद्यांनी हे ओळखले होते. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येत्या ऋतूचा पहिला आठवडा यांना ऋतुसंधी म्हटले आहे. त्या दिवसांत जुनी वहिवाट हळूहळू सोडावी आणि नवी हळूहळू धरावी, एकदम बदल करू नये, असे तिथे सांगितले आहे. हिवाळ्यात साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने पातळ होतो आणि जठराग्नी मंदावतो, म्हणून जड अन्न टाळावे, व्यायाम करावा आणि दिवसा झोपू नये, असाही सल्ला आहे. दुपारची झोप हा मुद्दा आम्हा धर्मगुरूंना जरा अवघड जातो. पण मी फाल्गुन लागला की ती सोडतो, आणि रात्री त्याचा उपयोग होतो हे नाकारता येत नाही.

ऋतूबरोबर घराचीही घडी बदलते. दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि विद्यार्थ्यापेक्षा आईच अधिक जागते. उपवासकाळात आपल्याकडे लग्ने होत नाहीत. दिवाणखान्यात शांतता असते, पण ईस्टरनंतरच्या लग्नाची यादी, दागिने आणि कर्ज मनात घुमत असतात. आखातात गेलेला मुलगा या वर्षी सुट्टीवर येणार की नाही ते कळायचे असते. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला आहे तिथे पहिला ईस्टर जवळ येत असतो. उन्हाने झोप आधीच उणावलेली. एवढे सगळे एका माणसाच्या खांद्यावर येऊन पडले तर तो वाकणारच.

जुन्या करारातला संदेष्टा एलिया मला या दिवसांत फार जवळचा वाटतो. आपण त्याचे मन खचल्याचे वाचतो, पण ते केव्हा खचले हे विसरतो. कार्मेल डोंगरावर त्याचा मोठा विजय झाला होता. वर्षानुवर्षांचा दुष्काळ संपून धो धो पाऊस आला होता. राजवाड्यातून जिवाची धमकी आली हे खरे, पण देशात पाणी होते, आशा होती, ऋतू पालटला होता. आणि तेव्हाच हा बलदंड माणूस रानात एका झुडुपाखाली जाऊन पडला आणि देवाजवळ मरण मागू लागला. देवाने काय केले? त्याला झोपू दिले. मग देवदूताने त्याला हलवून उठवले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवले, पुन्हा जेवू घातले. होरेब डोंगरावरचे देवाशी संभाषण त्यानंतर चाळीस दिवसांनी झाले. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचकांनी घरी सावकाश वाचावा. त्यात देवदूत एलियाला एका शब्दानेही रागे भरत नाही. पुढे होरेबवर देव त्याला काम नेमून देतो, आणि अलिशाच्या रूपाने सोबतीही देतो.

संत थॉमस अक्वायनस यांच्याविषयी सेमिनरीत आम्हाला थोडी धास्तीच वाटे. एवढा प्रचंड बुद्धिवंत, त्याला आमच्या रडण्याचे काय? पण तेराव्या शतकातल्या त्यांच्या महान ग्रंथात दुःखावरील उपायांवर एक संपूर्ण प्रश्न खर्ची घातला आहे. त्यांचे उपाय पाच. कोणत्याही चांगल्या गोष्टीतला आनंद घ्यावा. रडू येत असेल तर रडावे. मित्राजवळ बसावे. सत्याचे चिंतन करावे. आणि पाचवा उपाय म्हणजे झोप आणि स्नान. धर्मशास्त्राच्या शिखरावरून हा माणूस आपल्याला विहिरीवर जाऊन अंघोळ करायला सांगतो! त्यासाठी ते संत ऑगस्टीन यांचा दाखला देतात. आई मोनिका वारल्यावर ऑगस्टीन स्नानाला गेले होते. स्वतः ऑगस्टीन यांनी मात्र प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे की अंघोळीने काही फरक पडला नाही. त्यानंतर झोप लागली, आणि उठल्यावर दुःख पुष्कळ हलके झाले होते. मग ते रडले. संतांचेसुद्धा सगळे उपाय पहिल्या खेपेला लागू पडले नाहीत, हे वाचून मला बरे वाटते.

इथे एका गृहस्थांची हकीकत सांगायची आहे. त्यांची संमती मी घेतली आहे. पंचेचाळिशीचे, केळीची वाडी सांभाळून नोकरी करणारे, मिस्सा न चुकवणारे. दोन-तीन वर्षे ओळीने फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांना इतके खालावल्यासारखे झाले की पत्नीने आग्रह करून त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. गोळ्या सुरू झाल्या, बरे वाटू लागले. त्यानंतरच्या वर्षी राखेच्या बुधवारी त्यांनी त्या गोळ्या कपाटात ठेवून दिल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांची पत्नी मिस्सेनंतर माझ्याकडे धावत आली. "फादर, ह्यांनी गोळ्या सोडल्यात. म्हणतात, उपवासकाळाचा त्याग केला. रात्रभर येरझाऱ्या घालतात. काल म्हणाले, मी नसलो तर तुमचे सुटेल."

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. ते वाडीच्या कडेला बसले होते. म्हणाले, "फादर, लोक मटण सोडतात, दारू सोडतात. मला सोडण्यासारखे दुसरे काही नव्हते. आणि गोळी खाऊन मिळालेली शांती ही देवाची शांती कशी?" त्यांच्या बोलण्यात ढोंग नव्हते. देवाला काहीतरी मोलाचे द्यावे म्हणून त्यांनी आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे दिले होते. मी त्यांना विचारले, "तुमच्या आईने तिची मधुमेहाची गोळी प्रायश्चित्त म्हणून सोडली तर तुम्ही काय कराल?" ते म्हणाले, "मी तिला सोडू देणार नाही." आम्ही त्याच दुपारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांची पत्नी आणि मी दोघेही बरोबर होतो. अशा गोळ्या एकाएकी बंद केल्या की चक्कर, निद्रानाश, घालमेल होऊ शकते आणि मूळचा आजार उलटू शकतो, हे डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावले. काही दिवस त्यांना एकटे सोडायचे नाही असे ठरले. भाऊ मुक्कामाला आला. वाडीतले कीटकनाशक कुलपात गेले. हे शेवटचे डॉक्टरांनी आवर्जून सांगितले होते, म्हणून मीही आवर्जून लिहितो.

ख्रिस्तसभेचा उपवासाचा नियम आपण वाटतो तितका कठोर नाही. पूर्ण उपवास राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनच दिवशी बंधनकारक आहे. तोही अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पदार्पण करीपर्यंत. आजारी माणसाला त्यातून सूट आहे, आणि मनाचा आजार हाही आजारच. मरगळ ही आपण निवडलेली तपश्चर्या नसते. ती न बोलावता आलेली असते. ज्याच्या खांद्यावर आधीच ओझे आहे त्याने त्यावर आणखी दगड ठेवावा असे प्रभूने कुठेही सांगितलेले नाही. अशा माणसाने उपवासकाळात वेळेवर जेवावे, हाच त्याचा नियम मी समजतो.

"मी नसलो तर" हे शब्द ज्या घरात उच्चारले जातात त्या घराने ते ऐकले पाहिजेत. एमिल दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ सालीच दाखवून दिले होते की युरोपात आत्महत्या काळोख्या हिवाळ्यात नव्हे, तर वसंतापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत वाढतात. सगळीकडे चैतन्य येते आणि खचलेला माणूस त्या चैतन्यात अधिकच एकटा पडतो, असे मला वाटते. दुर्खाइमचे स्पष्टीकरण थोडे वेगळे होते, दिवस मोठा झाला की समाजजीवनाचा वेग वाढतो असे तो म्हणे. आपल्याकडे अशा गोष्टींवर पदर ओढण्याची सवय आहे. पूर्वी त्याला कारणही होते. ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या कायद्यात जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेत ती तरतूद राहिली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने तर स्पष्ट केले की गंभीर मानसिक व्याधीमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये. देशाचा कायदाही बदलला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा प्रयत्नामागे तीव्र ताण गृहीत धरला, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडविधानातले ३०९ वे कलम उरले नाही. तेव्हा पोलिसांच्या किंवा फादरांच्या भीतीने कोणी गप्प राहू नये. 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. दिवसा किंवा रात्री केव्हाही फुकट फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते. मी तो सूचनाफलकावर क्रुसाच्या वाटेच्या वेळापत्रकाशेजारी लावला आहे.

माझे स्वतःचे या दिवसांतले नियम साधे आहेत. पहाटे साडेपाचला समुद्राच्या दिशेने चालत जातो आणि मिस्सेला परत येतो. रात्री टीव्ही लावत नाही. संध्याकाळी थंड पाण्याने अंघोळ करतो. अक्वायनस यांच्यावर माझा ऑगस्टीनपेक्षा थोडा अधिक विश्वास आहे. शेजारच्या धर्मग्रामातल्या एका धर्मबंधूला दर आठवड्याला एकदा भेटतो. तो फारसे काही बोलत नाही, मासे मात्र उत्तम करतो. संत इग्नेशियस यांचा एक नियम मी कसोशीने पाळतो. मन कोरडे पडलेले असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. या दिवसांत मला दरवर्षी बदलीचा अर्ज लिहावासा वाटतो. तो मी लिहीत नाही. कामाच्या ठिकाणचा राजीनामा, ठरलेले लग्न मोडणे, वाडी विकणे, असे काही मनात घेऊन या काळात कोणी आले तर मी त्यांना मे महिन्यात यायला सांगतो. निम्मे येत नाहीत. तीन वर्षांपूर्वी मी डॉक्टरांकडेही जाऊन आलो. रक्त तपासले, बोलणे झाले. सध्या गोळीची गरज नाही असे त्यांनी सांगितले. लागली तर घेईन.

त्यानंतर उपवासकाळातल्या एका प्रबोधनसत्रात एलियावर बोलताना मी माझेही थोडेसे सांगितले. चर्चमध्ये क्षणभर शांतता पसरली. मग पुढच्या बाकावरच्या एका आजीने मान डोलावली आणि मी पुढे बोलू लागलो.

सर्वांत कठीण वाटते ती ईस्टरच्या आदल्या रात्रीची जागरण-उपासना. संपूर्ण उपवासकाळात आपण आलेलुया म्हणत नाही. त्या रात्री तो पुन्हा उच्चारायचा असतो, आणि तो प्रथम धर्मगुरूने गायचा असतो. काळोख्या चर्चमध्ये पास्काची मेणबत्ती पेटते, लोकांच्या हातांतल्या मेणबत्त्या पेटत जातात, आणि आनंदघोषाचे ते प्राचीन गीत सुरू होते. काही वर्षी ते गाताना माझ्या आत आनंदाचा मागमूसही नसतो. आधी मला हे फार खटके. आता मी असे समजतो की तो आलेलुया माझा एकट्याचा नाही. माझ्या आधी सोळाशे-सतराशे वर्षे लोक तो गात आले आहेत, आणि माझ्यासमोर उभ्या असलेल्या हजारभर माणसांतले कोणी ना कोणी त्या क्षणी खरोखर आनंदात असते. मी माझा गळा तेवढा त्यांना देतो. माझे मन मागाहून आले तरी चालते. बहुधा ते पुनरुत्थानकाळाच्या तिसऱ्या रविवारच्या सुमारास येते.

गेल्या ईस्टरला उपासना संपून मी दाराशी उभा होतो. लोक शुभेच्छा देत होते, मुले झोपेने पेंगत होती. ते केळीच्या वाडीवाले गृहस्थ पत्नीबरोबर आले. तब्येत सुधारलेली दिसत होती. हात मिळवताना त्यांनी आवाज खाली आणला. "फादर, यंदा तुमचे कसे आहे?"

"अजून दोन आठवडे लागतील," मी म्हणालो.

त्यांनी पत्नीकडे पाहिले. मग म्हणाले, "सोमवारपासून मी येतो तुमच्याबरोबर चालायला. साडेपाचला फाटकाशी थांबतो."

"उद्या दुपारी जेवायलाही या," त्यांची पत्नी म्हणाली. "आणि सकाळी नीट झोपा. पहिली मिस्सा छोटे फादर घेणार आहेत, मी विचारलंय त्यांना."